कुटुंब क्रमांक एकशे चाळीस

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट मिळालं. मुलाखतीचं कात्रण तीनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, दुसऱ्यांदा मुद्रितशोधक म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते पुढे लिहिते. छापखान्याची मुद्रितं घरी आणून तपासायचं काम सोडून दोन वर्षं झाली, तरी हातात पेन्सिल असल्याशिवाय मला छापील मजकूर वाचवत नाही. चार चुका सापडल्या. त्यांतली एक तुझ्या वयाची आहे, आणि ती तुझ्या फायद्याची असल्यामुळे मी दुरुस्त केलेली नाही. फोटोत मात्र अगदी विभागप्रमुख दिसतेस. लहानपणी तुझं नाक पुसलं ते याच हातांनी, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

आमचे हवालदार ठीक आहेत. परवा मीटर बघायला एक माणूस आला. त्यानं बूट न काढता आत पाऊल टाकलं आणि तुझा भाचा त्याच्यासमोर आडवा उभा राहिला. बोलत काही नाही, फक्त बुटांकडे बोट. चौतीस वर्षांचा दाढीवाला, माझ्याहून हातभर उंच माणूस असा उभा राहिल्यावर कोण घाबरणार नाही? मी म्हटलं, "भाऊ, काढा बूट आणि भिंतीशी नीट लावा, त्याशिवाय तुमची सुटका नाही." बिचाऱ्यानं काढले. मग हवालदारांनी ते पुन्हा स्वतः सरळ केले आणि खूश होऊन टाळी वाजवली.

फोनवर बोलू म्हणतेस, पण तुला माहीत आहे ना, मी फोन कानाला लावला की तो भिंतीवर डोकं आपटतो. समोर नसलेल्या माणसाशी मी बोलते हे त्याला सोसत नाही. पत्राला त्याची हरकत नसते. आत्ताही शेजारी बसून पाकिटाच्या कडा बोटानं दाबतो आहे.

आता तिसरं वाचन. तू म्हटलंयस, "आपल्यामागे मुलाला मामा, मावशी, भाऊ, कोणी तरी सांभाळेल या आशेवर आईबापांनी राहू नये. आमच्या एकशे चाळीस कुटुंबांपैकी अकरा कुटुंबं अशा आशेवर होती. त्या नातेवाइकांना बहुतेक वेळा कोणी विचारलेलंही नव्हतं. त्यांनाही त्यांची आयुष्यं असतात. ही आशा लवकर आणि हळुवारपणे संपवलेली बरी." वाचलं. समजलं. हळुवारपणेच लिहिलं आहेस.

तेव्हा आता मला सांग, त्याला कायमचं राहता येईल अशी चांगली संस्था कुठली? तू सगळ्या पाहिल्या आहेस. उत्तर लवकर पाठव. घाई का ते विचारू नकोस. वय झालं, एवढं कारण पुरे.

तुझी,
ताई

---

१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तू हे लिहिशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बावीस वर्षं मी आयांसमोर बसते आहे. प्रत्येक आई मला सांगते, "तो माझ्याशिवाय जेवणार नाही हो." आणि मी मान डोलावून लिहून घेते. त्यांचं ऐकून घरी येताना मला नेहमी तू आठवायचीस, पण तुला सल्ला द्यायची माझी छाती नव्हती. तू एका नजरेत गप्प केलं असतंस. आणि आता तूच विचारतेस. बक्षिसं बरीच मिळाली, शाली आणि फुलंही मिळाली, पण माझ्या ताईनं माझं म्हणणं मनावर घेतलं, याहून मोठं मला काही मिळालेलं नाही. खरंच सांगते.

एक संस्था माझ्या मनात आहे. तुझ्याकडून बसनं दीड तास, माझ्याकडून गाडीनं तीन. दुमजली इमारत, मागे भाजीचा मळा, वरच्या मजल्यावर नऊ पुरुष राहतात. तिथल्या मेट्रनबाई मला पंधरा वर्षांपासून ठाऊक आहेत. आवाज सैन्यातला आणि हात आईचे. एक जागा रिकामी होते आहे असं कळलं. मी आजच फोन केला.

तू जाऊन बघच. पण ते दाखवतील ते बघू नकोस. जेवणाच्या वेळी न कळवता जा. न्हाणीघर बघ, जमीन ओली आहे की कोरडी ते बघ. माणसं सांभाळणाऱ्या बाया किती वर्षं टिकल्या आहेत ते विचार. मुलं त्यांच्या अंगाशी जातात की लांब सरकतात ते बघ. बाकी सगळं कागदावर छान दिसतं.

मी पुस्तकाच्या मागे आहे. बावीस वर्षांत त्याच एकशे चाळीस कुटुंबांच्या पाच फेऱ्या करून झालेला अभ्यास एका पुस्तकात कोंबायचा म्हणजे हत्तीला पिशवीत घालायचं. निवृत्तीच्या आत संपवायचं ठरवलं आहे. भाऊजी असते तर म्हणाले असते, "विद्वान बाई, जरा दम खा."

गुडघे फार दुखतात का? तसं असेल तर लपवू नकोस.

धाकटी

---

२९ मार्च

प्रिय धाकटे,

अठरा तारखेला त्याला सोडून आले. तू सांगितलंस तसं सगळं बघितलं. न्हाणीघर कोरडं होतं. एक बाई सतरा वर्षं आहे, एक अकरा. जेवणाच्या वेळी एक मुलगा त्या सतरा वर्षंवालीच्या खांद्यावर हनुवटी ठेवून भात खात होता. मी मनाशी म्हटलं, चालेल.

निघताना त्याला वाटलं आपण दोघं फिरायला आलो आहोत. पिशवी मी धरली होती ती त्यानं माझ्या हातातून घेतली, नेहमी घेतो तशी. मेट्रनबाई म्हणाल्या, "निरोप घेत बसू नका, तो मळ्यात गेला की निघा." तो मळ्यात गेला. मी निघाले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे."

पहिले पंधरा दिवस येऊ नका असं त्यांनी सांगितलं आहे. रोज दुपारी खाली वाण्याच्या दुकानातून फोन करते. आता फोन करायला मोकळीच आहे. पहिले पाच दिवस तो काहीच जेवला नाही, फक्त दूध. सहाव्या दिवशी अर्धं केळं. मेट्रनबाई सांगतात आणि मी 'बरं' म्हणते, आणि मग जिना चढून येते.

घरात काय सांगू? चौतीस वर्षांत काल पहिल्यांदा मी न्हाणीघराचं दार आतून लावून आंघोळ केली. अर्धवट टाकून बाहेर आले. कोणी दार ठोठावत नव्हतं ते मला सहन झालं नाही.

आता घाईचं कारण सांगते. माझ्या पोटात गाठ आहे. जानेवारीत कळलं. ती काढण्यापलीकडे गेली आहे. डॉक्टर नेमकं काही सांगत नाहीत, पण पूर्वी चिठ्ठीवर पुढच्या भेटीची तारीख लिहायचे, आता 'वाटेल तेव्हा या' म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी नर्स रोज डोकावून जाते. आरडाओरडा करू नकोस. माझं सगळं आवरून झालं आहे.

आणि एक मनातलं सांगून टाकते, म्हणजे तुला उगाच टोचणी राहायला नको. तुमच्या अभ्यासाच्या कागदावर प्रश्न क्रमांक सत्ताविसाला मी पाचही वेळा तेच उत्तर लिहिलं. तू कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मला वाटायचं, न बोलणं म्हणजे हो. मग जानेवारीत डॉक्टरांचं कळलं आणि पुढच्याच आठवड्यात तुझं कात्रण आलं. तोंडावर नाही म्हणणं तुला जड गेलं असणार, म्हणून तू तिथे म्हणालीस. बरोबरच केलंस. मला राग नाही. तू एकटी, साठीला आलेली, तुझं आयुष्य आहे.

औषधं वेळेवर घेते. काळजी करू नकोस.

ताई

---

६ एप्रिल

ताई,

शुक्रवारी मी येते आहे. गाठीबद्दल मला काही लिहिता येत नाही, आल्यावर तुझ्या मांडीवर डोकं ठेवून काय ते रडेन. पण एक गोष्ट आधी लिहायलाच हवी, कारण समोर आल्यावर माझी जीभ उचलणार नाही.

तुझं 'प्रश्न क्रमांक सत्तावीस' वाचून मला काही उमगेना. मी कधी उत्तर दिलं? कशाचं? मग उठून आमच्या संशोधन संस्थेत गेले, कपाट उघडलं आणि एकशे चाळीस क्रमांकाची फाइल काढली. ताई, बावीस वर्षांत मी ती फाइल पहिल्यांदा उघडली.

तुला आठवतं ना, पहिल्या फेरीत मला एक कुटुंब कमी पडत होतं, आणि तू म्हणालीस, "मग आमचं घे, आम्ही काय कमी आहोत?" तेव्हा आमच्या सरांनी अट घातली होती. सख्खं नातं आहे, तर त्या घरी मुलाखतीला मी जायचं नाही आणि त्या फाइलला मी हात लावायचा नाही. म्हणून तुझ्याकडे दर वेळी माझी सहायिका यायची. भरलेले कागद तीच वाचायची आणि उत्तराशेजारी लाल पेन्सिलीनं आकडा मांडायची. मी फक्त आकडे बघायचे. तुला हे मी कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, तू मोकळेपणानं लिहावंस म्हणून न सांगितलेलंच बरं. आणि मला या नियमाचा अभिमान होता. वर्गात मुलांना सांगायचे, मी सख्ख्या बहिणीचा कागदसुद्धा वाचत नाही.

प्रश्न सत्तावीस: तुमच्यानंतर मुलाची जबाबदारी कोण घेईल असं तुम्हाला वाटतं?

पहिल्या फेरीत, तो बारा वर्षांचा असताना, तू लिहिलंस, "माझी धाकटी बहीण. तिचा त्याच्यावर जीव आहे." दुसऱ्या फेरीत, "धाकटी बहीण. तिला अजून विचारलेलं नाही, पण हा कागद ती वाचेलच." तिसऱ्यात नुसतं, "तीच." भाऊजी गेल्यानंतर, "धाकटी बहीण. आता दुसरं कोणी नाही." आणि शेवटच्या वेळी, "धाकटी. ती कधी नको म्हणालेली नाही, म्हणजे तिला मान्य आहे असं मी धरून चालते."

प्रत्येक उत्तराशेजारी लाल तीन. तीन म्हणजे 'इतर नातेवाईक'. शेवटच्या तिनापुढे सहायिकेची टीप आहे, 'अपेक्षा अवास्तव वाटते.' त्या अकरा कुटुंबांत एक तू होतीस ताई. ज्या नातेवाइकाला कोणी विचारलेलं नव्हतं, ती मी होते. त्या अकराजणींवर लिहिलेला लेख माझा सगळ्यात गाजलेला लेख आहे. मुलाखतीत जे बोलले ते तुला नव्हतं गं. मला कल्पनाच नव्हती.

आता तरी ऐक. त्याला माझ्याकडे येऊ दे. माझी मागची खोली रिकामी आहे, खिडकीला गज आहेत. जूनमध्ये मी घरीच असेन. तुलाही इकडे घेऊन येते. दोघंही या. मी हो म्हणते आहे, ताई.

तुझी,
धाकटी

---

११ मे

प्रिय धाकटे,

तू येऊन दहा दिवस राहिलीस. माझे पाय चेपलेस, कपाटं लावलीस, दोन रविवार माझ्याबरोबर त्याला बघायला आलीस. आणि दहा दिवसांत आपण दोघींनी त्या विषयाचं नाव काढलं नाही. तू काढशील म्हणून मी वाट बघितली आणि मी काढीन म्हणून तू. आपल्या घरात बोलण्याची हीच पद्धत. म्हणून आता कागदावर बोलते.

आधी रागावून घेते. तुझं सहा तारखेचं पत्र वाचून माझ्या अंगाची लाही झाली होती. एकशे एकोणचाळीस परक्या बायांचं तू अक्षरन् अक्षर वाचलंस आणि माझं नाही. म्हणे नियम होता. मी तो कागद दर वेळी आधी कच्चा लिहायचे, मग तुझ्या डोळ्यांसाठी चांगल्या अक्षरात उतरवून काढायचे. तुझी सहायिका चहा पीत समोर बसलेली असायची, आणि मला वाटायचं मी तुला पत्रच लिहिते आहे. बावीस वर्षं मी तुला विचारत होते आणि तू पाकीट फोडलंच नाहीस.

झालं. राग संपला. कारण मीही तोंडानं कुठं विचारलं? मला वाटायचं, समोरासमोर विचारलं तर तू लाजेकाजेस्तव हो म्हणशील. कागदावर विचारलं तर तुला नको म्हणायला जागा राहील. मी तुझी सोय बघत होते आणि तू माझा मोकळेपणा. शहाण्या दोघी.

आता तुझ्या 'हो'चं उत्तर. नको. तू वाईट सांभाळशील म्हणून नाही. त्याला तिथं पोटभर जेवायला सहा आठवडे लागले. आता तो त्या सतरा वर्षंवालीच्या हातून खातो, आपल्या खाटेवर झोपतो. त्याला पुन्हा उचलून तुझ्या मागच्या खोलीत आणलं तर परत सगळं पहिल्यापासून, आणि या वेळी मीही नसेन. जानेवारीत तू हे म्हणाली असतीस तर मी नाचले असते. आता उशीर झाला गं. कोणाचा दोष नाही म्हणावं तर तेही खोटं, पण आता तो दोष घेऊन करायचं काय?

एक काम मात्र तूच करू शकतेस. भेटीची वेळ रविवारी दहा ते बारा. चार तारखेला मी शेवटची गेले होते. आज रविवार आहे आणि मी गेले नाही. जाता येत होतं, बस दारातूनच जाते. मी मुद्दाम गेले नाही, आणि आता जाणार नाही. मी मेल्यावर येणार नाही, हे त्याला शिकवायचं तर मी आहे तोवरच शिकवायला हवं. एकदम झालं तर तो जेवण सोडेल. अर्धं दुःख तरी मी हयात असताना संपू दे, म्हणजे काही बिनसलं तर धावून जाता येईल. मेट्रनबाईंनी आत्ता फोनवर सांगितलं, तो नाश्ता झाल्यापासून जेवणाची घंटा होईपर्यंत भेटीच्या खोलीच्या खिडकीत उभा होता.

तू जा. त्याला दिसशील अशी जाऊ नकोस, लांबून बघ. बघण्याचं तुझं शिक्षण आहे, जन्म त्यात गेला. आणि खरं काय ते मला लिही: तो वाट बघतो का?

परत जाताना इकडे येऊ नकोस. तुझ्या तोंडावरून मला सगळं कळतं, म्हणून तू तोंडानं गोड बोलशील. कागदावर तुला खोटं लिहिता येत नाही.

ताई

---

१७ मे

ताई,

पत्र मिळालं. हे मला बरोबर वाटत नाही. तू जिवंत असताना त्यानं तुझ्याशिवाय राहायचं आणि तू दीड तासावर बसून राहायचं, असलं काही मी कुठल्याच घरात पाहिलेलं नाही, आणि त्याचा फायदा होतो असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. एकदा जाऊन ये. माझ्यासाठी जा.

नाहीच जाणार असशील तर मी उद्याच्या रविवारी जाते आणि सोमवारी लिहिते.

धाकटी

---

२३ मे

धाकटे,

सोमवारी लिहिणार होतीस; लिहिलं नसलंस तर अजून लिहू नकोस. एका भेटीवरून निष्कर्ष काढू नये, असं तू आम्हाला ऐकवायचीस. चार रविवार बघ, मग लिही. तेवढी मी टिकते.

ताई

---

१६ जून

ताई,

चार रविवार झाले की लिहायचं होतं, पण मी पाचव्यालाही गेले. कालचा पाचवा. मला वाटत होतं, एखादा रविवार वेगळा निघेल.

भेटीच्या खोलीसमोर भांडारघर आहे. त्याच्या दाराआड स्टूल टाकून बसत होते. पहिल्या रविवारी तो पावणेदहाला खिडकीशी आला. फाटक वाजलं की टाचा उचलून उंच व्हायचा. बारापर्यंत हलला नाही. घंटा झाल्यावर त्याला हाताला धरून न्यावं लागलं. दुसऱ्या रविवारी तसाच आला, पण साडेअकराला आपणहून गेला. तिसऱ्या रविवारी सव्वादहाला आला, काचेवर कपाळ टेकून थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. चौथ्या रविवारी खिडकीवरून चालत गेला, थांबला नाही.

काल तो आलाच नाही. मी शोधत मागे गेले. मळ्यात त्यांच्यातल्याच एका लठ्ठ, गोऱ्या मुलाबरोबर रोपांना पाणी घालत होता. झारी एकच होती आणि दोघांनी मिळून धरली होती. फाटक दोनदा वाजलं. त्यानं मान वर केली नाही. मी लपून राहायचं विसरून पुढे झाले. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओळखलं असावं, कारण माझ्या चपलांकडे बघितलं. मग परत पाणी घालायला लागला. वजन दोन किलोनं वाढलं आहे.

तर उत्तर असं. नाही, ताई. आता तो वाट बघत नाही.

दोन कागद फाडले. एकात 'अजून थोडी बघतो' असं लिहिलं होतं. तुला ते लगेच कळलं असतं.

आणखी एक लिहिते, कारण कागदावर खोटं चालत नाही असं तूच म्हणालीस. मला कल्पनाच नव्हती असं मी एप्रिलमध्ये लिहिलं होतं. पूर्ण खरं नाही ते. इतक्या आया काय लिहितात हे मला तोंडपाठ होतं. माझ्या ताईनं काय लिहिलं असेल याचा अंदाज मला येत नव्हता असं कसं म्हणू? येत होता. भाऊजी गेले तेव्हा तर नक्कीच आला होता. त्या दिवशी मी कपाटासमोर उभी राहिले आणि नियम आठवून परत फिरले. नियम चांगला होता गं. पण मला तो सोयीचाही होता. फाइल उघडली असती तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि मला घरं बघून रात्री आपल्या रिकाम्या घरी परत यायची सवय झाली होती. तुझ्या घरी मी वर्षातून एकदा येत राहिले, खेळणं घेऊन. तो वीस वर्षांचा झाला तरी खेळणंच.

पुस्तकातून तो अकरा कुटुंबांचा भाग मी काढला. उरलेल्या दहाजणींना पत्रं लिहिली: ज्यांचं नाव तुम्ही लिहिलंत त्यांना अजून विचारलं नसेल तर आजच विचारा, समोर बसून, तोंडानं. दोघींची उत्तरं आली. एक हो मिळालं, एक नाही. तिसऱ्या पाकिटावर पोस्टमननं लिहिलं आहे, राहत नाहीत.

माझ्या निवृत्तीचा परवाचा निरोप समारंभ मी रद्द करवला. मला कौतुक ऐकवणार नाही.

तू जेवतेस का? नर्सबाईंना सांगून दोन ओळी तरी पाठव.

धाकटी

---

२ जुलै

प्रिय धाकटे,

अक्षर वाकडं येतं आहे, समजून घे. आडवी पडून लिहिते.

पत्र मिळालं त्या दिवशी नर्सला हाक मारली आणि म्हटलं, "माझा मुलगा पास झाला." ती म्हणाली, "मग रडता कशाला, ताई?" तिला काय सांगणार? चौतीस वर्षं मला एकच भीती होती, माझ्यामागे हा जगणार नाही. आता कळलं की जगतो. दोन किलोनं जाड होऊन जगतो. मी हेच मागत होते आणि मला हेच मिळालं. त्यानंतर दोन दिवस मला घास गिळता आला नाही.

तू खरं लिहिलंस ते फार बरं केलंस. पण तुला खरं सांगू? पाकीट फोडताना माझ्या मनात होतं की तू लिहावंस, तो बघतो वाट. मी त्याला न बघायला शिकवलं आणि वर ही आशा. किती दुष्ट आहे मी.

त्या फाइलबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. मला ते माहीत होतं गं. वर्षातून एकदा खेळणं आणणाऱ्या मावशीला काही तरी माहीत असतं, एवढं न कळायला मी काय वेडी आहे? तरी मी तुझंच नाव लिहीत राहिले, कारण ते लिहिल्यावर मला चार दिवस शांत झोप लागायची. म्हणजे तो कागद मलाही सोयीचाच होता. आता ते उगाळत बसू नकोस. त्या दहाजणींना पत्रं लिहिलीस ते वाचून मात्र मला बरं वाटलं.

माझं सांगायचं वेगळंच आहे, आणि सांगायची लाज वाटते. रविवारी मी पहाटेच उठते. उठवत नाही, तरी नर्सकडून केस विंचरून घेते. धुतलेले कपडे घालते, चष्मा पुसते आणि खुर्ची दाराकडे वळवून बसते. दहा वाजतात. मग बारा वाजतात. तो येणार नाही हे मला ठाऊक आहे. त्याला कोण आणणार, मीच तर सगळ्यांना बजावलं आहे. तरी बसते. आठ रविवार झाले. त्याची सवय मी मोडली, पण माझी मोडायचं कोणी मनावर घेतलं नाही.

त्याला आणू नकोस. मी पाया पडले तरी आणू नकोस. झारीवरचा हात त्याचा तसाच राहू दे.

पण आजपर्यंत मी तुझ्याकडे तोंडानं काही मागितलं नाही, जे मागितलं ते भलत्याच कागदावर, भलत्याच बाईच्या हाती दिलं. हा कागद तूच वाचणार आहेस, म्हणून सरळ मागते. या रविवारी तिकडे त्याला बघायला जाऊ नकोस. इकडे ये. दहाच्या आत ये.

तुझी,
ताई